वारं पुढं गेलं की येतो

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. शेताच्या काटेरी तारेला उडत आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात ना, तसे ते आपोआप येऊन अडकतात. आमच्याकडं तर पिशव्या आणि किस्से, दोन्ही एकाच वाऱ्यानं आणून दिलेत!

आम्ही चौघं कळमनुरीचे. नोकरी डोंगरकडा गावाच्या अंगाला, एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात. मी खिडकीत बसून औषधं देतो. रशीदभाई रक्त-लघवी तपासतात. डाखोरे बाबू क्लार्क. आणि सुनीता सिस्टर. चौघांच्याही स्कूटर. रोज आखाडा बाळापूरवरून जाणं-येणं.

आधी या रस्त्याच्या दोन्ही अंगाला चिंचा आणि लिंब होते. रस्ता रुंद झाला तशी झाडं गेली. आता गाडी सुसाट पळते, पण मृग लागला की पश्चिमेचं जे वारं सुटतं, त्याला अडवायला मधे कुणीच नाही. सकाळी जाताना ते उजव्या अंगानं ढकलतं, संध्याकाळी येताना डाव्या. आणि स्कूटर म्हणजे रशीदभाईंच्या शब्दांत, "चाकं लावलेली खुर्ची!"

*

पहिला किस्सा डाखोरे बाबूंचा. बाबूंची एक थिअरी होती. "गाडी जोरात हाणली की वारं मागं पडतं."

रशीदभाई म्हणाले, "बाबू, वारं म्हणजे काय वसुलीवाला हाय का, चुकवून जायला?"

पण बाबू ऐकणारे नव्हेत. एका सकाळी अंगात रेनकोट, चेन उघडी, आणि काटा ऐंशीवर! आम्ही मागून बघून राहिलो. आधी रेनकोट फुगला. मग बाबू फुगले. मग गाडी शेपूट हलवायला लागली. एक झोत असा आला की बाबू गाडीसकट सरळ डाव्या हाताला, साईडपट्टी ओलांडून, एका केळीच्या बागेत!

नशीब, बागेत चिखल होता. गाडी रुतली आणि बाबू तसेच गाडीवर बसलेले. रात्रीच्या वाऱ्यानं बागेतली बरीच झाडं आडवी झालेली. मालक डोक्याला हात लावून बांधावर बसला होता. तो लगबगीनं उठला, हात जोडले आणि म्हणाला,

"लई लवकर आलात साहेब! पंचनाम्यालाच आलात ना?"

*

बाबू बागेत गेल्यावर रशीदभाईंनी आमची शाळा घेतली. बाळापूरच्या चहाच्या टपरीवर, बाकड्याला हँडल समजून.

"वारं असलं की पन्नासच्या खाली. चेन गळ्यापत्तर बंद. कोपरं ढिली. गुडघे जवळ. अन् हँडल आवळायचं न्हाई. लेकराचं बोट धरतो तसं धरायचं. सुटलं बी न्हाई पायजे, दुखलं बी न्हाई पायजे."

पटलं मला. पण पटणं वेगळं आणि वाऱ्यात हात ढिला सोडणं वेगळं. जोराचं वारं आलं की माझी मूठ आपोआप आवळायची. दवाखान्यात पोचेपर्यंत दोन्ही हात असे थरथरायचे की गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापता यायची नाही.

अशाच एका सकाळी खिडकीत एक म्हातारी आली. तिला हात कापायचा आजार. कापत्या हातानं तिनं चिठ्ठी आत सरकवली. मी कापत्या हातानं घेतली. कापत्या हातानं गोळ्या दिल्या. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं. खिडकीशी वाकून हळूच विचारलं,

"बाबा, तुमी कोणती खाता? हीच का दुसरी?"

*

एकदा पोलिओच्या डोसाचं ब्यानर न्यायचं होतं. कापडाची चांगली लांब गुंडाळी. मी ती मागच्या सीटवर आडवी बांधली. रशीदभाई त्या दिवशी रजेवर, नाहीतर त्यांनी बांधूच दिली नसती. आडवं काही बांधलं की गाडीला शीड लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बाळापूर सोडलं आणि दोरी सुटली. ब्यानरनं आधी आळस दिल्यासारखं अंग सोडलं आणि मग माझ्याभोवती गुंडाळलं. डोळ्यापुढं नुसता पिवळा रंग! ब्रेक करकचून दाबला असता तर गेलोच होतो. ॲक्सिलेटर सोडला, हँडल सरळ धरलं, पायांनी जमीन चाचपत कडेला थांबलो.

कडेला एक धनगर मेंढ्या घेऊन उभा होता. त्यानं काठी बगलेत धरली आणि शांतपणे एका बाजूनं मला सोडवायला लागला. माझं तोंड बाहेर आलं तेव्हा त्यानं ब्यानरवरचं बाळ बघितलं, मला बघितलं आणि म्हणाला,

"असं पाजून राहिलेत व्हय आता? पळून जातात म्हणून?"

*

रशीदभाई आमचे गुरू, पण त्यांची खरी विद्या गाडी चालवण्यात नव्हती. गाडी थांबवण्यात होती!

आषाढातला एक दिवस. आभाळ काळं, धूळ इतकी की समोरच्या गाडीचा नुसता दिवा दिसायचा. एका बंद पडलेल्या ढाब्याची भिंत दिसली, तशी रशीदभाईंनी गाडी भिंतीच्या आडोशाला घातली. आम्ही मागोमाग. तिथं आधीच दोन म्हशी उभ्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली.

बाबू घड्याळ बघून म्हणाले, "रशीदभाई, मस्टर!"

"मस्टर उद्या बी राहते बाबू. आपण राहिलो पायजे."

तेवढ्यात आमच्या डॉक्टरसाहेबांचा फोन. साहेब नवीन, तरुण, नांदेडहून चारचाकीत यायचे. "रशीदभाई, कुठं आहात? पेशंट वाट बघतायत."

"साहेब, बाळापूरच्या अलीकडं. वारं पुढं गेलं की येतो."

"वारं पुढं गेलं की? म्हणजे काय?"

"ओव्हरटेक करू देऊन राहिलो त्याला!"

साहेबांनी फोन ठेवून दिला. आम्ही पोचलो तेव्हा ते दवाखान्याच्या दारात उभे. वाटलं, आता झापतात. पण साहेबांच्या हातात कारच्या दाराचं हँडल होतं. नुसतं हँडल! दार उघडताना वाऱ्यानं दार हिसकून घेतलं, त्यात ते निघून आलेलं.

साहेबांनी ते रशीदभाईंना दाखवलं आणि विचारलं, "तुमच्या त्या भिंतीपाशी कार मावते का?"

*

आता सुनीता सिस्टरचा किस्सा. हा सांगताना आम्ही चौघंही एकमेकांची वाक्यं तोडतो, म्हणून आज मी एकटाच सांगतो.

सिस्टर म्हणजे अंगानं काडी. कामाला वाघीण, पण वजन म्हणाल तर वाऱ्याला पण दया यावी! जाताना वारं उजवीकडून, ते कडेला ढकलतं, तेवढं चालून जातं. येताना डावीकडून. ते ढकलतं रस्त्याच्या मधोमध.

एका संध्याकाळी बाळापूरच्या पुढं मी सिस्टरच्या मागं होतो. मागून एक मोठा कंटेनर मला ओलांडून पुढं गेला. तो सिस्टरच्या बरोबरीला आला आणि नेमका त्याच वेळी डावीकडून झोत आला. सिस्टरची स्कूटर कंटेनरकडं ओढल्यासारखी गेली. मी ओरडलो, पण वाऱ्यात माझंच मला ऐकू आलं नाही. चाकाच्या आणि तिच्या मधे हातभर जागा राहिली असेल. मग कंटेनर निघून गेला आणि गाडी उलट्या बाजूला झोकांडली, साईडपट्टीवर जाऊन आडवी झाली.

लागलं काही नाही. कोपर तेवढं सोललं. पण सिस्टर उठेना. मातीत बसून राहिली. मागून आलेल्या रशीदभाईंनी पाणी दिलं, ते हातात धरून म्हणाली, "भाऊ, माझी लेक चौथीत हाय."

रशीदभाईंनी तिची गाडी उचलून उभी केली.

दुसऱ्या दिवसापासून तिची स्कूटर घरी. बसनं वेळेत पोचता येईना. नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, तो काही दिवस सोडायला आला, पण दुकान उघडायला उशीर व्हायला लागला. रशीदभाई म्हणाले, माझ्या मागं बसा. ती म्हणाली, "मला स्कूटरचंच भ्या वाटून राहिलं, भाऊ. कुणी का चालवंना." बदलीचा अर्ज करायचं तिच्या मनात होतं. कधीकधी नोकरीच सोडायचं म्हणायची.

आम्ही एका रविवारी तिच्या घरी गेलो, समजावायला. रशीदभाई परत तेच सांगायला लागले. वेग, कोपरं, गुडघे. ट्रक येताना दिसला की आधीच हळू व्हा, डाव्या अंगाला जागा ठेवा. शेवटी उसासा टाकून म्हणाले, "सगळं जमंल, पण सिस्टर, गाडीवर जरा वजन पायजे. मागं घट्ट बसणारं कुणी असतं तर गाडी दबून चालली असती."

दाराशी सिस्टरच्या सासूबाई बसल्या होत्या. कौसल्याबाई. अंगानं चांगल्या भरलेल्या, नऊवारी लुगडं. त्यांचे मालक त्याच उन्हाळ्यात वारले होते. तेव्हापासून त्या तिथंच, उंबऱ्याला टेकून, दिवसदिवस बसायच्या. आम्ही गेलो तर "या" सुद्धा म्हणाल्या नव्हत्या.

त्या म्हणाल्या, "किती वजन पायजे?"

सिस्टर चमकली. "आत्याबाई, तुमी काहून? तुमाला कसं जमंल?"

"म्हशीवर बसून नदी पार केलेली हाय मी. ही तर मुकाट चालते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं त्यांच्या दारात. रशीदभाईंनी सासूबाईंना हेल्मेट घातलं, पट्टा लावला. "मावशी, दोन्हीकडं पाय टाका. अन् सूनबाई जिकडं कलंल तिकडंच कला. आपल्या मनानं हालायचं न्हाई. पोत्यावानी बसा."

"पोत्यावानी म्हणतो मला हा!" कौसल्याबाई म्हणाल्या. पण बसल्या. अगदी पोत्यावानी.

सिस्टरचं तोंड पांढरं पडलं होतं. पहिले काही किलोमीटर इतकी हळू चालली की एका सायकलवाल्यानं तिला ओलांडलं. पण गाडी खरंच दबून चालली होती. आणि मागून कौसल्याबाईंचा आवाज सुरू झाला. त्यांना पुढचं सगळं दिसत होतं. "सुने, त्या बाभळी हालून राहिल्या, सांभाळ!" "सुने, समोरून ट्रक! ढिलं सोड, ढिलं!" बांधावरच्या बाभळी वाकल्या की झोत येतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात त्या दिवशी लसीकरण होतं. लेकरं बोंबलत होती. कौसल्याबाईंनी हेल्मेट न काढताच एक लेकरू मांडीवर घेतलं. ते बघून लेकरू इतकं दचकलं की सुई टोचून झाली तरी रडायचं विसरलं!

संध्याकाळी, बाळापूरच्या पुढं, तीच जागा. मागून ट्रकचा हॉर्न. आम्ही तिघं मागं, श्वास धरून. सिस्टरनं वेग कमी केला, डाव्या अंगाला सरकली. वारं आलं. ट्रक आला. गाडी जरा थरारली, आणि सरळ चालत राहिली. ट्रक निघून गेला.

कौसल्याबाईंचा आवाज आम्हाला मागंपर्यंत ऐकू आला. "गेला मुडदा!"

आणि सिस्टर हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, म्हणून कडेला थांबली. आम्हीही थांबलो. कौसल्याबाई मागं बसल्याबसल्या तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या.

मग रोजच तसं. आषाढ गेला, श्रावण गेला. लसीच्या दिवशी बाया विचारायच्या, "टोपीवाली आजी आली का?" सिस्टरचा हात बसला. एके दिवशी ती एकटी औंढ्याला माहेरी जाऊन आली, आल्यावर आम्हाला पेढे दिले.

कार्तिक लागला. सकाळी धुकं, सोयाबीन निघालेली, कुठं पानसुद्धा हलत नाही. आम्ही सिस्टरच्या दारात हॉर्न दिला. सिस्टर डबा घेऊन बाहेर आली. कौसल्याबाई आधीच सीटवर, दोन्हीकडं पाय टाकून, हेल्मेटचा पट्टा लावून बसलेल्या.

सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, आता वारं न्हाई. तुमी कशाला तकलीफ घेता? घरी ऱ्हावा की."

कौसल्याबाईंनी आभाळाकडं बघितलं. मग समोरच्या लिंबाकडं बघितलं. मग रशीदभाईंकडं बघून म्हणाल्या,

"न्हाई कसं? दबा धरून बसलंय ते! चल, गाडी काढ."