रुक्माबाईचं मोहाचं झाड

तीन वर्षांपूर्वी एकदा मी अंगण सारवत होते आणि रुक्माबाई टोपलीभर मोहफुलं घेऊन दारात आली. माझा नवरा जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. "तुह्याच झाडाखालचे आहेत. तू येत नाई अन् ढोरं खाऊन राह्यले," एवढंच म्हणाली.

आमच्या गावात प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली आहेत; फुलं वाळवून विकली की चार पैसे मिळतात. दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नाही.

मागच्या वर्षापासून रुक्माबाईच्या घरचे येशूच्या प्रार्थनेला जातात. काल गावाच्या बैठकीत ठरलं, ज्यांनी गावचे देव सोडले त्यांना झाड नाही. तिचं झाड मला दिलं. विधवा बाई आहे, कामी येईल, म्हणाले.

मी तिथेच म्हटलं, "कोणता देव मानावा हे ज्याचं त्यानं ठरवावं, असं कायद्यात लिहिलं आहे."

"बाई, तुमी लय वाचता," शेजारचे भाऊ म्हणाले. "मंग कायद्यालेच घेऊन जा मोहं येचाले."

सगळे हसले. रुक्माबाई खाली मान घालून बसली होती. मी पुढे काही बोलले नाही. तुम्ही तिथे असता तर बोलला असता का? खरं सांगा.

आज पहाटे मी तिच्या झाडाखालची फुलं वेचून तिच्याकडे नेली. तिनं दार अर्धंच उघडलं.

"घेऊन जा बाई. कोणी पायलं तर तुहंबी झाड काढून घेतीन."

मी फुलं घरी आणली आणि वाळत घातली.