यासिरच्या अर्जातले चार आठवडे

अ‍ॅड. विमलताई इंगोले यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने मला ताईंच्या व्यक्तिमत्त्वाचे पैलू उलगडायला सांगितले. ते मला जमणार नाही. माझे चित्त सध्या थाऱ्यावर नाही आणि ताईंविषयी लिहायला बसलो की एकच प्रकरण डोळ्यांपुढे येते. तेच सांगतो. त्यात माझी चूक आहे. ताईंनी ती आजवर कोणाला सांगितलेली नाही आणि मी इथे सांगतो आहे म्हणून त्या रागावणार, हेही मला ठाऊक आहे.

आमची पहिली ओळख रागातूनच झाली. मी तेव्हा मंगरुळपीरच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज टाइप करून देत असे. ताई कामगारांचे दावे चालवत. कारखान्यातून काढून टाकलेल्या एका बाईंचा अर्ज माझ्याकडून त्यांच्याकडे गेला आणि तासाभरात ताई स्वतः माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"'अर्जदार अत्यंत गरीब असून', हे तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाही ताई. मी सगळ्याईच्याच अर्जात टाकतो."

"तिच्या घरी दोन म्हशी हायेत. समोरच्या वकिलानं थ्या दाखवल्या का तिचं खरं बी खोटं ठरते. मानूस जे सांगते थेच लिहीत जाय."

चारचौघांत बोलल्या म्हणून मी दोन दिवस धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या ऑफिसात कामाला बोलावले. पुढे अडतिसाव्या वर्षी मला कायद्याच्या अभ्यासाला बसवले तेही त्यांनीच. परीक्षेच्या दिवसांत माझ्या वाटणीचे टाइपिंग त्या स्वतः दोन बोटांनी करत आणि त्यातल्या चुका मला दुरुस्तही करू देत नसत. मी सनद घेऊन आलो तेव्हा मात्र त्यांनी कौतुकाचा शब्द काढला नाही. माझ्यासाठी एक खुर्ची तेवढी आणून ठेवली होती.

त्या खुर्चीवर बसून वर्षही झाले नव्हते, तेव्हा पुंडलिकराव यासिरला घेऊन आले. पुंडलिकराव आसेगावकडच्या एका गावातल्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष. त्यांच्याकडे सोयाबीनचे बियाणे साफ करून, उगवण तपासून पिशव्यांत भरतात. यासिर सुदानचा. विदर्भातच शेतीची पदवी घेतली. शेवटच्या वर्षाला असताना त्याच्या देशात लढाई पेटली आणि घराचे छप्पर बॉम्बने गेले. परत जायला जागा उरली नाही आणि शिक्षणाचा व्हिसा संपत आला. दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाकडून निर्वासित म्हणून नोंद झाल्याचे कार्ड त्याने मिळवले होते. ते कार्ड म्हणजेच कामाची परवानगी, असे पुंडलिकराव धरून चालले होते. यासिर महिनाभर त्यांच्याकडे उगवण तपासण्याचे काम करत होता.

ताई त्या दिवशी गुडघा दाखवायला अकोल्याला गेल्या होत्या. पुंडलिकराव म्हणाले, "पोट्टं लढाईतून वाचून आलं. आता याले आपल्या गावचाच करून टाकू. सरपंच दाखला देते म्हन्ते, तुमी फक्त टाइप करून द्या."

आपल्याकडे कोणी चार दिवस गावात राहिला, कामाला चांगला निघाला, की त्याला दाखला देऊन टाकणे हा मोठेपणा समजतात. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मलाही वाटले नाही. छापील मजकूर माझ्या बोटांना पाठ होता: 'सदर इसम जन्मापासून या गावचा रहिवासी असून मी त्यास व्यक्तिशः ओळखतो.' मी नाव घातले. संध्याकाळपर्यंत सही-शिक्का होऊन दाखला यासिरच्या हाती पडलाही. आपण एका बेघर माणसाला घर दिले, अशा खुशीत मी त्या दिवशी जेवलो.

दुसऱ्या दिवशी यासिर एकटाच ताईंकडे आला. होस्टेलमध्ये राहून त्याला देवनागरी अक्षरे लागत होती. त्याने कागद टेबलावर ठेवला.

"मैडम, जन्म का मतलब मुझे आता है। मेरा जन्म यहाँ नहीं हुआ। मेरी माँ अब भी वहीं है।"

ताईंनी दाखला वाचला. टाइपचे वळण त्यांच्या ओळखीचेच होते. त्या माझ्याकडे वळल्या.

"गजानन, हा इथंच जलमला असन, तं याच्या घरावर बाँब कुठचा पडला? या कागदानं याच्या मागची लढाईच पुसून टाकली तू. मंग याले ठेवून घ्या म्हनून आपन कोनत्या तोंडानं सांगावं?"

आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, परदेशी नागरिकांचे नियमच त्यांना लागतात. खोट्या कागदावर ओळखपत्र निघाले असते आणि पुढे उघडकीला आले असते, तर पुंडलिकरावांवर गुन्हा, सरपंचांवर गुन्हा आणि यासिरची रवानगी थेट तिथे, जिथून तो जीव वाचवून आला होता. माझ्या एका ओळीने हे झाले असते. आजही टाइप करताना बोटे मध्येच थांबतात.

ताईंनी पुंडलिकरावांना त्याच दुपारी बोलावून घेतले. दाखला रद्द करून घ्यायला सांगितले आणि मग यासिरचा पासपोर्ट मागितला. तो पुंडलिकरावांच्या कपाटात होता. कामावरच्या माणसाचे कागद मालकाने ठेवून घ्यायचे, ही इकडची जुनी रीत.

"म्या जपून ठेवला, वकीलबाई. चोरला नाही," पुंडलिकराव दुखावले.

"माहीत हाये मले. पन ज्याचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात, त्याले काम सोडतो म्हनता येते का? झेरॉक्स ठेवा, मूळ कागद याच्या खिशात."

मग त्यांनी एकेक नियम सांगितला. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत पोलिसांना त्याची खबर द्यायची. निर्वासिताचे कार्ड म्हणजे कामाची परवानगी नव्हे. दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा, तो मिळाला तरच खासगी नोकरी. मिळाल्यावर मजुरी, सुट्टी, विमा, सगळे गावच्या कामगारासारखेच. अडलेला आहे म्हणून कमी नाही. आणि तोवर काम आजपासून बंद.

"पाहुना म्हनून तं राहू देता येईन ना?"

"राहू द्या. पन पाहुन्यानं गोनी उचलली का थो कामगार झाला, हे ध्यानात ठेवा."

इथपर्यंत मला पटत होते. पुढच्या गोष्टीवर मात्र माझे ताईंशी भांडण झाले. व्हिसाच्या अर्जात यासिरने परवानगीविना चार आठवडे काम केल्याचे त्यांनी लिहायला लावले. कोणी विचारले नव्हते. मी म्हणालो, "ताई, कायले उकरून काढता? नाही म्हनतीन तं त्याचा जीव जाईन." त्या म्हणाल्या, "म्हनतीन बी. पन उद्या दुसऱ्यानं सांगतलं तं नक्कीच म्हनतीन. आज हा स्वतः सांगून राह्यला." आणि यासिरला विचारून, त्याने हो म्हटल्यावर, त्यांनी ते वाक्य मलाच टाइप करायला दिले.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दर आठवड्याला ताई, मी आणि यासिर एसटीने वाशीमला जायचो, पोलीस अधीक्षक कार्यालयात परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या खिडकीशी उभे राहायचो आणि 'वरून अजून आलं नाही' हे ऐकून परत यायचो. ताईंचा गुडघा सुजलेला असायचा. मी येरझाऱ्या घालायचो. त्या बाकावर बसून यासिरला मराठी बाराखडी घोटायला लावायच्या. यासिर पुंडलिकरावांच्या ओट्यावर रिकाम्या हातांनी बसून बसून वाळला. पेरणीचे दिवस आले, समोर बियाणे पडले होते, तपासणाराही बसला होता आणि हात लावता येत नव्हता. त्या दिवसांत मला ताईंचा फार राग आला. त्यांच्या नियमनिष्ठेपायी एक माणूस झुरतो आहे, असे मी घरी बोललोही. गौरवग्रंथात हे लिहू नये. पण मानूस जे सांगते थेच लिहावे, असे मला शिकवणाऱ्यांच्याच गौरवाचा हा ग्रंथ आहे.

परवानगी आली. एका वर्षासाठी, नोकरीच्या मुभेसह. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी चार आठवड्यांविषयी दोनच प्रश्न विचारले आणि खरे सांगितल्याची नोंद केली. ते वाक्य नसते तर परवानगी लवकर आली असती की आलीच नसती, हे मला आजही कळलेले नाही. ताईंना विचारले तर म्हणतात, "मले बी नाही माहीत." त्यांना माझ्याइतकीच धाकधूक होती, हे मला त्या उत्तराने कळले.

यासिर आता पुंडलिकरावांकडे रीतसर नोकरीला आहे. परवानगी दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. यंदाच्या अर्जावर वकील म्हणून पहिल्यांदाच माझी सही आहे. ताईंनी एकदा वाचून द्यावा म्हणून मी हात जोडले. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. म्हणाल्या, "सही तुयी, वाचन तुयं." मी तो किती वेळा वाचला, याची मोजदाद ठेवली नाही.

आणि वाशीमला हजर राहण्याची तारीख नेमकी ताईंच्या सत्काराच्याच दिवशी आली आहे. हे त्यांना सांगायला गेलो तेव्हा माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "हार घालाले मानसं लय हायेत. तिथं जाय तू."

तेव्हा समारंभाला मी दिसलो नाही तर कृपया गैरसमज नसावा. ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, तुमचा गुडघा तुम्हाला सुखाने चालू देवो, असे त्या दिवशी सगळेच म्हणतील आणि मीही मनापासून म्हणतो. पण माझ्या प्रार्थनेत थोडा स्वार्थ आहे. दिवस मावळता मावळता मी आणि यासिर एसटीतून उतरू, होकार घेऊन किंवा नकार घेऊन. तेव्हा दारात उभे राहून 'काय झालं रे?' असे विचारणारे कोणीतरी लागते. पुढची पुष्कळ वर्षे ते तुम्हीच असावे.