अक्काचा अंगठा आणि माझ्या गालावरचा खड्डा

गेल्या रविवारी चोपड्याला मळ्यात भरताची पार्टी होती. भरीत म्हटलं की मी एका पायावर तयार असते, पण यावेळी जळगावहून निघताना दोनदा पिशवी परत खाली ठेवली होती... कारण माझा गाल.

माझ्या उजव्या गालावर लहानपणापासून एक खड्डा आहे. म्हणजे, होता. हरभऱ्याच्या दाण्याएवढाच, पण ट्यूबलाइटखाली असा काळा दिसायचा की फोटो काढताना माझी मान आपोआप वळायची. घरातल्या प्रत्येक फोटोत मी शेजारच्यावर रुसलेली दिसते, असं माझी लेक म्हणते.

माझ्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि तीच मला एका स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. त्या म्हणाल्या, हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर भरू. ॲसिड ऐकून मी खुर्चीतून उठलेच... बॅटरीत घालतात ते माहीत होतं, गालात घालतात हे नवीनच!

मग त्यांनी समजावलं. हे आपल्या त्वचेत मुळातच असतं, पाणी धरून ठेवतं. कायमचं मात्र नाही, हळूहळू अंगात जिरतं आणि साधारण वर्षभराने खड्डा पुन्हा दिसू लागतो. म्हटलं, लग्नाचे फोटो निघाले की झालं, मग जिरेना का!

थोडं दुखलं, थोडी सूज आली... आणि एका सकाळी आरशात सपाट गाल. मी वेड्यासारखी ट्यूबलाइटखाली जाऊन जाऊन बघत होते.

हा आनंद भरताचं बोलावणं येईपर्यंत टिकला. कारण मळ्यात अक्का असते.

अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. आई सतत आजारी, त्यामुळे मी अक्काच्याच मांडीवर वाढले. काचबिंदूने आता तिची नजर पूर्ण गेलीय. मी गेले की ती दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपते आणि तिचा अंगठा बरोबर त्या खड्ड्यावर येऊन थांबतो. नजर होती तेव्हाही हेच करायची.

मला वाटायचं, ही तिची माझी खूण. आणि ती खूणच मी बुजवून बसले होते... तिला मी परकी वाटले तर? शिवाय देवाने दिलेल्या तोंडाला सुया टोचल्या म्हणून बोलणी बसणार ती वेगळीच.

मळ्यात पोचले तेव्हा कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला होता, वांगी भाजायला पडली होती. अक्का नेहमीसारखी लांब, केळीच्या बांधाकडे खाटेवर. भरताच्या दिवशी ती जाळाजवळ कधीच येत नाही. धूर सोसत नाही म्हणते.

मी जरा अंतर ठेवूनच बसले, पण तिचे हात आलेच. कपाळ, नाक, गाल... अंगठा थांबला. मागे गेला, पुन्हा तिथेच आला.

"भरायना का व माय?" तिने अगदी हळू विचारलं.

मी कसंबसं, हो, भरला म्हटलं. तिने पुन्हा सगळा गाल चाचपला. "बठ्ठा भरायना!" सगळाच भरला म्हणाली आणि रडायलाच लागली. आमची अक्का कुणाच्या मयतालाही डोळे पुसत नाही, त्यामुळे मी घाबरून तिचे हात धरले.

लहानपणी अशाच एका भरताच्या वेळी पळता पळता पेटती काडी माझ्या गालात घुसली, एवढंच मला घरात सांगितलं होतं. काडी कुणाच्या हातात होती, ते कुणी कधी बोललं नाही. ते आता अक्काने रडत रडत सांगितलं. तीच त्या काडीने जाळातलं वांगं उलटवत होती. मी मागून तिला मिठी मारायला धावले आणि ती वळली...

"मनाच हातथून लागेल व्हतं तुले," ती म्हणाली. "डोया गयात, पन तो खड्डा माले दिखेच." डोळे गेले तरी खड्डा तिला दिसतच होता.

म्हणजे तो अंगठा मला ओळखायला येतच नव्हता. जखम भरली का, हे बघायला येत होता... प्रत्येक भेटीत, इतकी वर्षं. माझ्या गालाचं दुःख माझ्यापेक्षा तिलाच जास्त होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

सुईचं, डॉक्टरचं मी काही बोलले नाही. नुसती तिच्या कुशीत शिरले. "आते मी डोया मिटाले मोकयी," म्हणाली, तर मी तिला दटावलं, आधी नातवाचं लग्न बघ म्हटलं.

मग तिचा हात धरून तिला जाळाजवळ नेलं. आणि ती आली! लाकडी बडगीत वांगी ठेचणाऱ्या माझ्या भावाला, भरताला धूर कमी लागलाय म्हणून तिने चांगलंच झापलं... धूर न सोसणारी बाई ती!

काल तपासणीला गेले होते. मॅडम हसत म्हणाल्या, तुमचं तर एकदाच करायचं ठरलंय ना? मी म्हटलं, नाही हो... जिरायला लागलं की लगेच सांगा. अक्का आहे तोवर हा गाल भरलेलाच राहिला पाहिजे.

देवा, मला अजून पुष्कळ सुया टोचून घ्याव्या लागू देत.