राख लावलेला हात

माझ्या हातून अकरा मरळी मेल्या असाव्यात. असाव्यात म्हणतो, कारण मी त्यांतली एकही मारली नव्हती. सगळ्या जिवंत सोडल्या होत्या.

तेव्हा आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. मूळचे भंडाऱ्याकडचे, तळ्यांच्या मुलखातले. त्यामुळे मासा खाण्याइतकीच पकडण्याचीही ओढ. ऑफिसातल्या कोणाच्या तरी ओळखीने मला गुडगावपलीकडच्या एका गावचं तळं सापडलं. गाव शाकाहारी. लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालत. तळ्यावर एक म्हातारे बाबा लक्ष ठेवून असत. त्यांनी मला एकाच अटीवर परवानगी दिली : "पकड़ ले, देख ले, छोड़ दे. मारणी नहीं है."

अट मला आवडलीच. दर्यागंजच्या रविवारच्या जुन्या पुस्तकबाजारात एक परदेशी मासिक मिळालं होतं. त्यात मस्की नावाचा हातभर लांब, सुसरीसारख्या जबड्याचा मासा छातीशी धरून उभी असलेली माणसं होती. पुढच्या चित्रात तोच मासा पाण्यात परत. आपणही तसेच, असं मला वाटायचं. आमच्या तळ्यातली मरळही तशीच शिकारी मासळी. गवताच्या कडेला दबा धरून बसते आणि गळाला लावलेल्या रबरी बेडकावर झडप घालते. तिला दर काही मिनिटांनी हवा घ्यायला वर यावं लागतं. तो 'गुळुप' आवाज ऐकत मी रविवारच्या रविवार घालवत असे. ती खाली काय करते, एका जागी किती वेळ थांबते, सुटल्यावर पुन्हा त्याच गवतात जाते का, हे मला जाणून घ्यायचं होतं. म्हणून प्रत्येक मरळीची खूण मी वहीत लिहायचो. एकीच्या शेपटीला खाच होती. तीच सगळ्यांत मोठी.

मरळ हातात टिकत नाही. पण आमच्या घरात त्यावर उपाय होता. आई बाजारातून जिवंत मरळ आणायची आणि राखेत हात बुडवून ती घट्ट धरायची. मीही तेच करत होतो. कॉलनीतला इस्त्रीवाला त्याच्या कोळशाची राख चाळून मला डब्यात भरून द्यायचा. "साहब, भभूत लगाते हो क्या?" म्हणून हसायचा. राखेने मासा हलत नसे. गळ अलगद निघायचा, वहीत खूण लिहून व्हायची, आणि मग मी तिला पाण्यात ठेवायचो. बाबा पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "ये मराठी साहब पाप नहीं करते." ते ऐकायला मला फार बरं वाटे.

थंडीच्या तोंडाला तळ्यात मेलेल्या मरळी दिसू लागल्या. बाबा म्हणाले, साबणाने मरतायत. तळ्याच्या पलीकडच्या पायऱ्यांवर बायका कपडे धूत, ते गावाने बंद करवलं. बायका गाठोडी डोक्यावर घेऊन लांबच्या ट्यूबवेलवर जाऊ लागल्या. मीही मान डोलावली. साबण वाईटच, असं मीही म्हणालो.

पुढच्या रविवारी खाचेची मरळ दिसली. उन्हात, अगदी कडेला, सुस्त. अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी. मी वाकून पाहिलं. बुरशी सगळीकडे नव्हती. एका बाजूला चार पट्टे, शेजारी शेजारी, आणि दुसऱ्या बाजूला एक. मी आपला हात पाण्यावर धरून पाहिला. बोटं जुळली.

त्या आठवड्यात आई दिल्लीत आलेली होती. भाजी चिरत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं त्या पट्ट्यांबद्दल विचारलं.

"तू धरलीस कशाने?" तिने विचारलं.

"राखेने. तुझ्यासारखीच."

तिची विळी थांबली. "अरे वेड्या, राख आपण कापायच्या माशाला लावतो. अंगची बुळबुळ निघते, म्हणून तर हात घसरत नाही."

"आणि बुळबुळ निघाल्यावर माशाचं काय होतं?"

"मला काय ठाऊक? माझा मासा त्यानंतर कधी पाण्यात गेलाच नाही."

मी ते मासिक काढलं. आजवर चित्रंच पाहिली होती. आता मजकूर वाचला. मासा हातात घेण्याआधी हात ओले करा, असं चित्राखालीच लिहिलं होतं. त्याच्या अंगावरचा चिकट थर हेच त्याचं रोगापासूनचं चिलखत, असंही. इतके महिने मी ते चिलखत पुसून मासे सोडत होतो. पण गळ काढून सोडलेल्या माशाचं पुढे काय होतं, हे खरं तर मला कळू शकलं असतं. वहीत अकरा वेळा लिहिलेल्या 'सोडली' या शब्दापुढे मी कधी काही लिहिलंच नव्हतं.

त्याहून टोचत होती ती बायकांच्या डोक्यावरची गाठोडी. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. शनिवारपर्यंत मी तोच विचार केला, हे कबूल करतो.

रविवारी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी डब्यातली राख चिमटीत घेऊन चोळली. मग म्हणाले, "मन्नै के बतावै सै? उन तै बता." आणि ट्यूबवेलवरच्या बायकांच्या दिशेने बोट केलं.

मी चालत गेलो. चारपाच बायका कपडे आपटत होत्या. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागलो, तर एक वयस्क बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"साबुन म्हारा बदनाम, अर राख तेरी?"

बाकीच्या हसल्या. ती हसली नाही.

"खानी नहीं थी तो पकड़ी क्यूँ?"

"देखने के लिए," मी म्हणालो.

"इतनी देर हाथ में ले के, के दीखा?"

खरं उत्तर द्यायचं ठरवून आलो होतो, म्हणून काय दिसलं ते सांगितलं. दात, डोळ्यांभोवतीचं सोनेरी कडं, हवा घेताना फुगणारा गळा. ती ऐकत राहिली. मग ओलं धोतर पिळत म्हणाली, "गाठड़ी उठा."

मी गाठोडं उचललं. त्या सगळ्या माझ्या मागून, तळ्याच्या जुन्या पायऱ्यांकडे निघाल्या.