मी वळचणीला उभी राहिले

“मॅडम, आप मराठी हैं ना?” खन्नासरांनी हेडफोन माझ्याकडे सरकवला. “ज़रा सुनिए, ये दोनों क्या खिचड़ी पका रही हैं.”

गुडगावात तेव्हा कॉल सेंटर्स नवी होती. त्यातल्या एकात मी व्हॉइस ट्रेनर होते, म्हणजे परदेशी ग्राहकांशी बोलायचं इंग्रजी मुलांना शिकवायचे. खन्नासर आमचे मॅनेजर. प्रत्येक कॉल टेप व्हायचा. म्यूट दाबलं नाही, तर दोन कॉलच्या मधल्या गप्पाही टेपवर यायच्या. माझ्या वर्गातल्या सारिका आणि नीता आपसात मराठीत बोलत. दोघी दुसऱ्या कंपनीत पळणार, असा सरांना संशय.

मी ऐकलं. सांगलीची सारिका म्हणत होती, “यूपीएससीची प्रिलिम आहे गं. बहिणीचं लग्न म्हणून रजा टाकते. खरं कळलं तर काढूनच टाकतील.” काढलंच असतं. परीक्षावाली मुलं टिकत नाहीत, असं सर उघड म्हणत. पुढे दोघींनी माझी नक्कल केली होती. हुबेहूब.

“कंपनी बदलने की कोई बात नहीं, सर,” मी सांगितलं. बाकीचं गिळलं.

मग टेप पुन्हा लावली, या वेळी स्वतःसाठी. दिवसभर हिंदी-इंग्रजीने कान किटलेले असत. ती मराठी गोड लागली, आणि नंतर माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर रोजचा नवा शब्द लिहिला: ईव्ह्जड्रॉपिंग. चोरून ऐकणं. ईव्ह्ज म्हणजे छपराची भिंतीबाहेर आलेली कड. तिथून पावसाचं पाणी ठिबकतं त्या जागी उभं राहून जो आतलं ऐकतो, तो ईव्ह्जड्रॉपर.

“म्हणजे आपली वळचण,” सारिका म्हणाली. दिल्लीत वाढलेल्या नीताने तो शब्द ऐकलाच नव्हता. सारिकाने तिला समजावला आणि सहज मला विचारलं, “इथं कुठं असते वळचण, मॅडम?”

“हेडसेटमध्ये. म्यूट दाबलं नाही तर.”

तिने चमकून नीताकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्याच्या टेपवर दोन कॉलच्या मध्ये शुकशुकाट होता.

“कुछ नहीं?” सरांनी विचारलं.

“कुछ नहीं.” सर हिरमुसले. खरं सांगायचं तर थोडी मीही.

महिनाभराने सारिकाचा रजेचा अर्ज माझ्यापुढे आला. कारण, बहिणीचं लग्न. मी सही केली आणि कागद परत देताना म्हटलं, “बहिणीला म्हणावं, पेपर नीट वाच.”

तिचा चेहरा लालबुंद झाला. चोरून ऐकलेलं पोटात राहत नाही, हे तो शब्द शिकवताना मी सांगायला विसरले होते.