पगार तोच, हुद्दा तोच

आमच्या वजनमापे कार्यालयात मी टंकलेखक म्हणून लागलो तेव्हा बाई तिथे निरीक्षक होत्या. बाजारात फिरून दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायची, हे त्यांचं काम. तपासणीची पितळी वजनं एका लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये बसवलेली असत, आणि ती पेटी त्या दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. वजनाला बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं. माझा वजनांशी संबंध फक्त टाइप करण्यापुरता. बाजारात त्यांना काटेवाल्या बाई म्हणत. त्या दिसल्या की फळवाले उगाचच तागडी पुसायला लागायचे. "पुसून जड होते का रे ती?" असं विचारत त्या पुढे जायच्या आणि ज्याचं माप हलकं, नेमक्या त्याच्याचपुढे थांबायच्या. एकवीस वर्षं हे असं चाललं होतं.

मग एका सकाळी चूळ भरताना पाणी बाईंच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळून गेलं. आरशात बघतात तर चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळलेली. डॉक्टर म्हणाले, नसेला सूज आहे, बहुतेकांची उतरते. बाईंची अर्धीच उतरली. दीड महिन्याने कामावर आल्या तेव्हा हातपाय धड होते, नजर चांगली होती. फक्त डावी पापणी पुरती मिटत नव्हती, आणि प-फ-ब म्हणताना ओठांतून थोडी हवा सुटायची. आम्ही चेहऱ्याऐवजी कागदांकडे बघत होतो. त्याच म्हणाल्या, "निम्मं तोंड रजेवर आहे, निम्मं हजर आहे. मस्टरवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा."

अकरा दिवस त्या नेहमीसारख्या बाजारात गेल्या. बाराव्या दिवशी कार्यालयप्रमुख साहेबांनी मला आत बोलावून आदेश सांगितला. बाईंना फिरतीच्या कामातून काढून अभिलेख कक्षात बसवावं, कारण प्रशासकीय. मी कागद आवरत असताना ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोकांसमोर जाणारं माणूस जरा बघणेबल हवं. थांबून थांबून बघतात लोक तिच्याकडे. कार्यालयाचं वाईट दिसतं."

"हे आदेशात घ्यायचं का, सर?" मी विचारलं. खरंच विचारलं. मला वाटलं, तोही मजकूरच आहे.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठलो आणि चार ओळींचा आदेश टाइप करून आणला.

अभिलेख कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. तीन रॅक, जुन्या नोंदवह्या, एक टेबल आणि सतत गुणगुणणारी ट्यूब. महिन्यातून एखादवेळी कुणी जुनी वही मागायला यायचं. बाकी काम नाही. पगार तोच, हुद्दा तोच. बाई विचारायला गेल्या तेव्हा साहेब म्हणाले, "आराम करा की. असल्या जागेसाठी लोक वशिले लावतात."

बाईंनी आठवड्याच्या आत अर्ज दिला. मला माझं काम परत द्या, एवढाच मजकूर. त्यावर 'अर्ज विचाराधीन आहे' हे उत्तर मीच टाइप केलं. त्यांनी दुसरा दिला, तिसरा दिला. चौथ्या वेळी मी पहिल्याच उत्तराची तारीख बदलून कागद साहेबांपुढे ठेवला आणि त्यांनी न वाचता सही केली. बाईंचे यजमान टपालखात्यात होते. ते घरी सारखे मागे लागायचे, "अगं, वकील गाठ. हे लोक तुला खेळवतायत." बाईंचं म्हणणं, "ऑफिसातलं ऑफिसात मिटवू. एकवीस वर्षं काढलीत मी तिथे. लगेच कोर्टकचेरी कशाला?"

असे चौदा महिने गेले. पहिल्या महिन्यात त्यांनी सगळ्या वह्या सालाप्रमाणे लावल्या. दुसऱ्या महिन्यात काढून विभागाप्रमाणे लावल्या. मग नुसत्या बसू लागल्या. एकदा मी चहाला बोलवायला गेलो तर खुर्ची भिंतीकडे वळवून बसलेल्या.

"बाई, तिकडे काय बघताय?"

"ट्यूबचा उजेड डोळ्यात जातो," त्या म्हणाल्या. चहाला आल्या नाहीत.

पाचव्या अर्जाचं उत्तर आलं त्या आठवड्यात यजमानांनी त्यांना जवळजवळ हाताला धरून वकिलाकडे नेलं. सरकारी नोकराला नोकरीच्या गाऱ्हाण्यासाठी साध्या कोर्टात जाता येत नाही. आमच्यासाठी वेगळं न्यायाधिकरण असतं, आणि आदेश निघाल्यापासून वर्षाच्या आत तिथे जावं लागतं. हे बाईंना तेव्हा कळलं. मलाही तेव्हाच कळलं, आणि मी जन्मभर आदेशच टाइप करत आलोय.

"पण मी अर्ज लगेच केला होता," बाई म्हणाल्या.

"तो साहेबांकडे," वकील म्हणाले. "तिथे पाच नाही, पन्नास केलेत तरी इथली मुदत थांबत नाही."

"ते विचार करतोय म्हणत होते."

"ते पेन्शनीत निघेपर्यंत विचार करतील, बाई." मग आदेशाचा कागद पुन्हा बघत म्हणाले, "एक वाट आहे. रोज तुम्हाला तिथे बसवतात, म्हणजे रोज नवा अन्याय होतो, असं मांडून बघतो. टिकेल असं सांगत नाही. आणि साहेब तोंडाने काय बोलले, हे सांगणारं कुणी आहे का?"

बाई दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या. "तुला काही आठवतं का रे, आदेश सांगताना ते काय म्हणाले?"

मी म्हटलं, आठवून सांगतो. माझी कायम होण्याची फाइल साहेबांच्याच कपाटात होती. घरी बायको म्हणाली, "नोकरी आपल्याला एकच आहे, एवढं लक्षात ठेवा." तिसऱ्या दिवशी मीच बाईंना म्हटलं, येतो मी. त्यांनी मान हलवली. काय आठवतं, ते विचारलं नाही.

सुनावणी दुसऱ्या मजल्यावरच्या एका लांब खोलीत होती. साक्षीदारांनी बाहेर थांबायचं असतं, म्हणून मी बाकावर बसलो. दार उघडंच होतं. बोलायचं ते मी मनात इतक्यांदा घोकलं होतं की शब्द गुळगुळीत झाले होते. न्यायाधीश थकलेले पण सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आमच्या वकिलाला विचारलं, "पगार कमी झाला?"

"नाही, साहेब."

"हुद्दा?"

"तोच आहे."

"बढती अडली?"

"अजून तरी नाही. पण त्यांच्याकडून काम काढून घेतलंय, साहेब. आणि ते रोज चालू आहे, रोज नवा अन्याय होतोय."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "अन्याय झाला असं धरून चालू. तो त्या आदेशाच्या दिवशी झाला. झळ रोज लागते, हे मला समजतं. मुदत मात्र मला आदेशापासूनच मोजावी लागते." मग बाईंकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचंय?"

बाई उभ्या राहिल्या. "माझे डोळे तपासून घ्या. मला काटा वाचता येतो."

"मी नाही म्हणत नाही, बाई," ते म्हणाले. "पण तिथपर्यंत मला पोचताच येत नाही."

वीस मिनिटांत सगळं आटोपलं. मला कुणी आत बोलावलं नाही. बाई बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसल्या. यजमान वकिलांबरोबर जिन्यापर्यंत गेले होते. मी न राहवून सांगून टाकलं, साहेब काय म्हणाले ते, शब्दाला शब्द.

"नक्की हाच शब्द?"

"हो."

"बघणेबल," बाईंनी म्हणून पाहिलं. दोन्ही 'ब' नीट उमटले नाहीत. "बरं. आता तुझी फाइल सांभाळ."

तीन आठवड्यांनी निकालाची पाच पानं आली. बाईंनी ती जिन्याखालच्या खोलीत माझ्यासमोर वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'अर्जदाराच्या गाऱ्हाण्याच्या गुणवत्तेवर आम्ही कोणतेही मत व्यक्त करत नाही.'

"म्हणजे काय?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणजे चूक की बरोबर, ते सांगितलेलं नाही."

"मग पाच पानं काय सांगितलंय?"

"उशीर झाला, ते."

वकिलांनी सांगितलं, वरच्या कोर्टात जाता येईल, पण तिथे कायदा चुकीचा वाचला का एवढंच बघतात, आणि तो बरोबर वाचलाय. यजमान तरीही तयार होते. बाई नको म्हणाल्या. "मला आता राग येत नाही हो," त्या यजमानांना म्हणाल्या. "पूर्वी यायचा. आता शोधला तरी सापडत नाही. नुसतं सह्या करून कुठवर भांडू?"

मग अडीच वर्षं गेली. मी कायम झालो. साहेब बढती घेऊन दुसरीकडे गेले. जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, बाईंशीही. त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. दोन निरीक्षक निवृत्त झालेले, जागा रिकाम्या. तिसऱ्या दिवशी मॅडम कर्मचाऱ्यांची यादी घेऊन खोल्या बघत फिरल्या. मी मागे होतो.

"तुम्ही निरीक्षक आहात ना?" त्यांनी जिन्याखाली वाकून विचारलं. "मग इथे काय करता?"

"बसते," बाई म्हणाल्या.

"सोमवारपासून बाजारात जा. माझ्याकडे माणसं नाहीत."

मॅडमनी त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि यादीवर खूण केली. अर्धा मिनिटही लागलं नसेल. मला इतका आनंद झाला की मी बाईंना म्हणालो, "बाई, झालं की हो!"

"हं," बाई म्हणाल्या. "कितीला निघायचं?"

सोमवारी सोबत द्यायला शिपाई नव्हता म्हणून मी बरोबर गेलो. पेटी बाईंनी माझ्या हातात दिली आणि काही बजावलं नाही. बाजारात बहुतेकांकडे आता इलेक्ट्रॉनिक काटे होते. विक्रेतेही नवे, बाईंना ओळखणारे दोघं-तिघंच. एकजण त्यांच्या डोळ्याकडे टक लावून बघत राहिला. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. पूर्वी त्या चालता चालता हेरायच्या. आता ओळीने एकेका दुकानासमोर थांबायच्या, वजन ठेवायच्या, आकडा लिहून घ्यायच्या. एका कांदेवाल्याचा काटा किलोमागे वीस ग्रॅम जास्त दाखवत होता. तो हुज्जत घालू लागला, मशीनचा दोष, कंपनीचा दोष, उन्हाचा दोष. ऊन ऐकल्यावर मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. पूर्वी त्यांनी त्याला चांगलाच भाजून काढला असता.

"इथे सही करा," त्या म्हणाल्या आणि नोटीस पुढे केली.

परतताना गाडीत मी विचारलं, "बरं वाटलं का, बाई?"

त्यांनी खरोखर विचार केला. दोन चौक गेले. "अंदाज येत नाही रे," त्या म्हणाल्या. "घरी यजमानही हेच विचारतील. त्यांना बरं वाटलं म्हणून सांगेन."

पुढे दोन वर्षं त्यांनी फिरतीचं काम केलं आणि एक दिवसही रजा न घेता निवृत्त झाल्या. परवा बसथांब्यावर भेटल्या. हातात पिशवी होती, नाशपाती घेतल्या होत्या. मॅडम कशा आहेत, जागा भरल्या का, असं विचारलं. मी म्हटलं, एक भरली.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. बस आली आणि त्या चढल्या.