परीक्षेपुरता चेहरा

मोठ्या सरांनी पेनानं माझी हनुवटी वर केली. खिशातलं निळं पेन, टोपणाच्या बाजूनं. बोट लावायला जीवावर आलं असेल. माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि भोवती उभ्या शिकाऊ डॉक्टर पोरापोरींना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पोरं पुढे वाकली. एकीनं मोबाईलवर फोटो काढला. मला विचारलं नाही. मग सर मराठीत म्हणाले, "लाल चट्टा, नाकावरून दोन्ही गालांवर. बघून घ्या, पुस्तकातलं फुलपाखरू." पोरं खूश झाली. मी स्टुलावर बसून होते. मला लघवीला लागली होती आणि ते सांगायचं कुणाला, हे कळत नव्हतं.

हा दवाखाना कुठल्या गावचा, ते मी सांगणार नाही. भीती म्हणा. मला तिथंच परत जावं लागतं.

मी लातूरला एका मेसमध्ये पोळ्या लाटते. क्लासच्या पोरांची मेस आहे. कुठून कुठून पोरं येतात, डॉक्टर व्हायला. ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून जेवतात, पोळी कुणी वाढली हे बघतसुद्धा नाहीत. माझी तक्रार नव्हती. अभ्यासाची पोरं आहेत म्हणायचे.

आधी माझी बोटं धरली. सकाळी लाटणं पकडता येईना. मग बारीक ताप, मूठमूठ केस हातात, तोंडात फोड. मग गाल लाल झाले. बाया म्हणाल्या, गॅसपाशी बसून बसून झालंय. मेसवाल्या काकू शिकलेल्या, त्यांचे मालक प्राध्यापक. त्यांनी मला पोरांना वाढू देणं बंद करून मागच्या खोलीत बसवलं. म्हणाल्या, "पोरांचे आईबाप येतात. तुझं तोंड बघून शंका घेतात." पोळ्या मात्र माझ्याच चालत होत्या. तोंड तेवढं चालत नव्हतं.

आजाराचं नाव कळायला बरेच दवाखाने फिरावे लागले. लुपस. मला ते साबणाचं नाव वाटलं. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं म्हणाले. लागण होत नाही, पण पूर्ण बरंही होत नाही. गोळ्या जन्मभर. आणि उन्हात जायचं नाही. लातुरात राहून उन्हात जायचं नाही. मी मान डोलावली. दवाखान्यात आपण दुसरं काय करतो.

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि बोटं उघडली. खरंच उघडली. लाटणं धरलं त्या दिवशी मी पिठाच्या परातीवर रडले. पण महिन्या-दोन महिन्यांत तोंड फुगलं. डोळे आत गेले, हनुवटीवर लव आली. भूक अशी की दुपारच्या उरलेल्या पोळ्या मी उभ्याउभ्या खायची. झोप उडाली. उगाच कुणावरही ओरडायची. नवऱ्याच्या भाचीचं लग्न होतं उदगीरला. तो म्हणाला, तू राहू दे, लोक विचारतात. मी बरं म्हणाले. तो गेल्यावर आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

माझी माय नायगावकडून आली. माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "बिमारी न्हाई बाई, ह्या गोळ्याच तुला खाऊन राहिल्यात. सोडून दे."

रोज सकाळी गोळी तळहातावर घेऊन मी बसायची. खाल्ली तर तोंड जातं. नाही खाल्ली तर बोटं जातात. सरांना विचारायचा एकदा प्रयत्न केला. ते म्हणाले, "जीव पाहिजे की चेहरा?" सोपं करून टाकलं त्यांनी. त्यांचा चेहरा त्यांच्यापाशीच होता.

मग मॅडम भेटल्या. तिथल्याच, सरांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टर. बोलायला गोड. मला मावशी म्हणायच्या आणि मला ते फार आवडायचं. एकदा म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात पोरांची प्रॅक्टिकल आहे. तुम्ही केस म्हणून बसाल का?" परीक्षेत खरे पेशंट बसवतात. पोरं येऊन तपासतात आणि आजार ओळखून दाखवतात. पेशंटनं नाव फोडायचं नाही. चहा-नाष्टा मिळतो, पुढच्या तपासण्यांना रांग लागत नाही. मी हो म्हणाले. जाताना त्या सहज म्हणाल्या, "त्या स्टिरॉइडच्या गोळ्या तेवढ्या बंद ठेवा परीक्षेपर्यंत. चेहऱ्यावरचं दबलंय, ते उठून दिसायला पाहिजे."

मी विचारलं, काही होणार नाही ना. त्या म्हणाल्या, "काही होत नाही. मी आहे ना."

मला आनंद झाला. लपवत नाही. मला जे करायचं होतं तेच डॉक्टरच्या तोंडून आलं होतं. गोळ्या डब्यात टाकल्या आणि मायला फोन करून सांगितलं की सुटले.

सुरुवातीला अंगातली ताकदच गेली. उभं राहिलं की चक्कर, खाल्लेलं पोटात राहीना. मग बोटं परत आखडली. ताप आला. गालांवर ते लाल परत उमटलं, आधीपेक्षा गडद. पाय सुजून चपलेत मावेनात. लघवीला फेस यायला लागला. मी पोळ्या लाटून राहिले होते आणि हात माझे राहिले नव्हते. घाबरून मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चेहऱ्यावर आलंय का नीट?"

मी आलंय म्हणाले.

"छान. थोडं सहन करा मग, आता थोडेच दिवस."

फोन ठेवला. राग आला नाही. राग यायला अंगात जोर लागतो. एवढंच वाटलं की त्या बाईला माझं तोंड पाहिजे होतं. बाकीची मी तिच्या लेखी तोंडाखाली लटकत होते.

तरीही परीक्षेला गेले. का गेले? न जाऊन करते काय. माझे कागद त्यांच्याकडे, माझा इलाज त्यांच्याकडे. ज्यानं मारायचं त्याच्याच दारात औषधाला उभं राहायचं, अशी ती मजबुरी. पर्समध्ये मात्र गोळ्यांची पट्टी टाकली होती.

मला खाटेवर बसवलं. मॅडमनी कानाशी येऊन सांगितलं, आजाराचं नाव काढायचं नाही, आणि गोळ्यांचं विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. मग एकेक पोरगं येऊ लागलं. नाव विचारायचे, कारण नाव विचारायला मार्क असतात म्हणे. बोटं दाबायचे. आई गं म्हणलं की लिहून घ्यायचे. तोंड उघडायला लावून टॉर्च मारायचे. एकानं माझ्या पायावर अंगठा दाबला, खड्डा पडला, तो भरेना. त्याला इतका आनंद झाला की त्यानं दुसऱ्या पायावरही दाबून बघितलं.

मग एक पोरगी आली. बारीक, घाबरलेली. तिच्यामागं बाहेरून आलेले परीक्षक उभे होते, पडद्याजवळ मॅडम. पोरगी पाठ केल्यासारखं विचारत गेली. ताप, केस, ऊन. मग म्हणाली, "मावशी, गोळ्या चालू आहेत का?"

मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली. माहीत नाही म्हणा.

मी धाडसी बाई नाही. मेसमध्ये काकूंपुढं मान वर केली नव्हती कधी. पण ती मान हलली आणि माझ्या आत काहीतरी फुटलं. माझ्या अंगात काय जातं, याबद्दल मला विचारलेला तो पहिला सरळ प्रश्न होता. त्याचंही उत्तर मॅडमच देणार होत्या.

मी म्हणाले, "चालू होत्या. तुमच्या परीक्षेसाठी बंद करायला लावल्या. तोंडावर दिसावं म्हणून. मला लुपस हाय."

पोरीचा हात माझ्या मनगटावरच राहिला. परीक्षकांनी मॅडमकडे बघितलं. दोन वाक्यं इंग्रजीत झाली. मग ते पोरीला म्हणाले, चल, दुसरी केस घे. संपलं. कुणी कुणाला ओरडलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं पोट दाबायला सगळे तिकडे वळले.

मी पट्टी काढली. पाणी मागितलं. कुणी हललं नाही. उठून बेसिनपर्यंत गेले, नळाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि गोळी गिळली.

मॅडम नंतर व्हरांड्यात भेटल्या. डोळे लाल होते. म्हणाल्या, "माझं करिअर आहे मावशी. असं करायला नको होतं तुम्ही." मला तिची कीव आली नाही. यावी अशी अपेक्षा होती तिची, दिसत होतं.

आता माझ्या किडन्यांतून लघवीवाटे प्रथिनं गळतात. गोळ्या थांबवल्यामुळे झालं की होणारच होतं, कुणी सांगत नाही. सर म्हणतात, हा आजारच असा आहे. मी काही सिद्ध करू शकत नाही. बंद ठेवा, हे मॅडम तोंडानंच म्हणाल्या होत्या, कागदावर नाही. मॅडम आता तिथं नाहीत; बदली झाली की त्यांनीच दुसरीकडे नोकरी धरली, तेही माहीत नाही. मी मात्र तिथंच जाते. दुसरीकडे जाणार कुठं?

परवा सलाईनमधून नवं औषध द्यायला आले. तरुण डॉक्टर होता, सुई तयार ठेवून म्हणाला, हात करा पुढं. मी हात पदराखाली घेतला. म्हणाले, आधी सांगा, हे घेतलं तर काय जाईल आणि न्हाई घेतलं तर काय जाईल. तो म्हणाला बाकीचे पेशंट थांबलेत. मी म्हणाले थांबू दे. तो चिडला, पण उभ्याउभ्या सांगितलं. केस जातील. पाळी कायमची जाऊ शकते. साधा ताप आला तरी पळत यावं लागेल. आणि नाही घेतलं तर किडन्या. मी लहान पोर असल्यासारखं नाही, माणसाकडे बघावं तसं बघत त्यानं हे सांगितलं, किंवा निदान मी त्याला तसं बघायला लावलं. मी ऐकलं. विचार करायला वेळ घेतला. मग बाही मीच वर केली.

यातून सुटका नाही, हे मला कळतं. बोटं, केस, पाळी, चेहरा, काहीतरी द्यावंच लागणार. पण काय द्यायचं ते मी ठरवणार. मला विचारल्याशिवाय एक गोळी माझ्या अंगात जाणार नाही, आणि मला विचारल्याशिवाय एकही बंद होणार नाही.